ताण मनाचा, भोग देहाचा



मराठी घरांतून आणि दवाखान्यांतून एक वाक्य आताशा वारंवार कानी पडते. रक्तदाब वाढला, झोप उडाली, पोट बिघडले की समोरचा मनुष्य मोठ्या आपुलकीने म्हणतो, ‘टेन्शन घेऊ नका!’ म्हणणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, यात शंका नाही. परंतु या तीन शब्दांत दोन गैरसमज दडून बसले आहेत. पहिला असा, की ताण ही निव्वळ मनाची गोष्ट आहे आणि मनाने ठरवले की ती दूर सारता येते. दुसरा असा, की ताण ज्याला होतो तोच तो ‘घेतो’. म्हणजे दोषही त्याचा आणि निवारणाची जबाबदारीही त्याचीच. हे दोन्ही समज तपासून पाहणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे. ताणाचे शरीरात नेमके काय होते, तो अपायकारक केव्हा ठरतो, कोणाला अधिक बाधतो आणि त्यावर स्वतः काय करावे, तसेच भोवतालच्यांनी काय करावे, या क्रमाने विषयाकडे पाहू.

संकटकाळची व्यवस्था

कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या अर्जुनाची अवस्था भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात वर्णिली आहे. त्याची गात्रे शिथिल होतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, रोमांच उभे राहतात, त्वचेचा दाह होऊ लागतो, हातातून गांडीव निसटते, उभे राहवत नाही. त्या क्षणापर्यंत शत्रूचा एकही बाण त्याला लागलेला नाही. कोणतीही जखम नसताना केवळ एका विचाराने तो महाबली योद्धा देहाने खचला आहे. तत्त्वज्ञानाचा ग्रंथ म्हणून गीता पुष्कळ वाचली जाते; परंतु तिच्या आरंभी मनावरच्या ओझ्याची ही शारीरिक लक्षणे इतक्या नेमकेपणाने नोंदली आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही.

ही लक्षणे का उद्भवतात, याचा शास्त्रीय शोध घेणाऱ्यांत हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांचे नाव अग्रभागी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध नुकताच लागला होता. त्यांच्या साहाय्याने कॅनन मांजरांच्या पचनक्रियेचे निरीक्षण करीत होते. मांजर बिथरले की त्याच्या जठराची हालचाल थांबते आणि ते शांत झाले की पूर्ववत सुरू होते, असे त्यांना दिसून आले. पुढे १९१५ साली त्यांनी भय, क्रोध, भूक आणि वेदना यांनी शरीरात घडणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. संकट समोर आले की प्राण्याचे शरीर ‘लढा किंवा पळा’ या दोहोंपैकी एका कृतीसाठी क्षणार्धात सज्ज होते, हा त्यांचा सिद्धांत आज सर्वमान्य आहे.

शेताच्या बांधावरून चालताना पायापाशी नाग फणा काढून उभा राहिला, अशी कल्पना करावी. मेंदूला इशारा मिळताच मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ॲड्रीनल ग्रंथींतून ॲड्रीनलीन हे संप्रेरक रक्तात सोडले जाते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, श्वास जलद होतो. साठवणीतील साखर रक्तात येते, कारण स्नायूंना आता इंधन हवे असते. त्वचेकडचे आणि आतड्यांकडचे रक्त स्नायूंकडे वळते. जखम झालीच तर रक्तस्राव लवकर थांबावा म्हणून रक्ताची गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. या घटकेला जेवण पचविण्याची निकड नसल्याने पचन थांबते. लाळ आटते आणि तोंडाला कोरड पडते. थोड्याच वेळात त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक पाझरू लागते आणि ही सज्जता टिकवून धरते.

एखाद्या गावावर धाड आली म्हणजे बाजार बंद होतो, शाळा बंद होते आणि सगळी माणसे वेशीकडे धावतात. तशीच ही योजना आहे. तिच्यामुळेच मनुष्यजात आजवर टिकून राहिली. परीक्षेच्या दिवशी, शर्यतीच्या आरंभरेषेवर, रंगमंचावर पाऊल टाकताना जी उत्कंठा जाणवते, तीही याच योजनेचे सौम्य रूप होय. ताण अजिबातच नसावा अशी इच्छा धरणे म्हणूनच व्यर्थ आहे.

साप निघून जातो, कर्ज जात नाही

मग बिघडते कोठे? नाग काही क्षणांत निघून जातो. मनुष्य दोन पावले मागे सरतो, दीर्घ श्वास घेतो. तास-दीड तासात शरीरातली सारी खळबळ निवते. परंतु सावकाराचे किंवा बँकेचे कर्ज असे निघून जात नाही. रोजचा दोन-दोन तासांचा लोकलचा प्रवास, वरिष्ठाचा नित्याचा अपमान, अंथरुणाला खिळलेल्या आप्ताची शुश्रूषा, मुलाच्या प्रवेशाची चिंता, कधीही जाईल अशी नोकरी, यांतले काहीही दोन पावले मागे सरून टळत नाही. शरीराला मात्र नाग आणि कर्जाचा हप्ता यांतला भेद कळत नाही. दोन्ही वेळी ते तीच धावपळ सुरू करते. धाड परतून गेली तरी गावाचा बाजार महिनोन्‌महिने बंदच राहिला तर त्या गावाचे जे होईल, तेच अशा शरीराचे होते.

१९३६ साली कॅनडातील माँट्रियल येथे काम करणाऱ्या हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना त्याने निरनिराळ्या प्रकारे त्रास दिला होता. कोणाला कडाक्याच्या थंडीत ठेवले, कोणाला दमेपर्यंत पळविले, कोणाला इजा केली, कोणाला विषारी द्रव्ये टोचली. त्रासाचे प्रकार वेगवेगळे असूनही परिणाम सारखेच निघाले. ॲड्रीनल ग्रंथी फुगल्या होत्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसली होती आणि जठरात व्रण पडले होते. यावरून सेल्येने तीन अवस्था सांगितल्या. पहिली धोक्याच्या घंटेची, दुसरी झुंजून टिकाव धरण्याची आणि तिसरी थकून कोलमडण्याची. पदार्थविज्ञानात दाब आणि ताण यांसाठी वापरला जाणारा ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात रूढ झाला तो मुख्यतः त्याच्यामुळे.

या तीन अवस्थांतली दुसरी सर्वांत फसवी. या काळात मनुष्य कामावर जातो, हसतो-बोलतो, सणवार साजरे करतो. पाहणाऱ्याला वाटते की याने सारे उत्तम पेलले आहे. आत मात्र झीज चालू असते. रक्तदाब हळूहळू वरच्या पातळीवर स्थिरावतो. रक्तातली साखर वाढती राहते आणि पोटाभोवती चरबी साठू लागते. झोप तुटक होते. विसराळूपणा आणि चिडचिड वाढते. मान, खांदे आणि पाठ सदैव आखडलेली राहते. स्त्रियांच्या मासिक पाळीत अनियमितता येऊ शकते. यांपैकी प्रत्येक तक्रारीसाठी वेगळी गोळी घेतली जाते आणि त्या सर्वांच्या मुळाशी असलेले कारण तसेच राहते.

प्रयोगांची साक्ष

हे सारे अनुमान आहे, असे कोणी म्हणू नये. प्रत्यक्ष प्रयोगांनी ते तपासले गेले आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू असलेले थेंब घातले. त्याआधी प्रत्येकाच्या आयुष्यातील ताणाची मोजणी करून ठेवली होती. सर्वांत कमी ताण असलेल्या गटात सुमारे २७ टक्के लोकांना सर्दी झाली. सर्वाधिक ताण असलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते.

दुसरा प्रयोग अधिक हृदयस्पर्शी आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९५ साली स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर सारख्याच आकाराची एक लहानशी जखम करण्यात आली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरून यायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले. रात्रंदिवस दुसऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या हाताला स्वतःची जखम भरून काढण्याइतकेही बळ उरत नाही, असाच याचा अर्थ.

हृदयाच्या बाबतीत पुरावा आणखी व्यापक आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात ५२ देशांतील रुग्णांची पाहणी झाली. मूळचे केरळचे डॉ. सलीम युसूफ हे तिचे प्रमुख होते. धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब यांच्या जोडीला मानसिक-सामाजिक ताण हेही हृदयविकाराच्या झटक्याचे एक प्रमुख कारण असल्याचे तीत आढळले. आपण सतत ताणाखाली आहोत असे सांगणाऱ्यांमध्ये झटक्याचा धोका सुमारे दुप्पट होता. याच अभ्यासातून असेही दिसले, की दक्षिण आशियातील देशांत पहिला झटका इतरांपेक्षा जवळजवळ सहा वर्षे आधी, म्हणजे पन्नाशीच्या प्रारंभीच येतो. याला तंबाखू, बैठे जीवन, आहार आणि मधुमेह यांचाही हातभार आहेच. परंतु कर्त्या वयात कुटुंबाचा आधार हिरावून नेणाऱ्या या विकाराच्या कारणांतून ताण वगळता येणार नाही. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास एका वेगळ्या विकाराची नोंद केली. आप्ताचा मृत्यू किंवा भूकंपासारखा धक्का बसताच हृदयाचा डावा कप्पा फुगून दुबळा होतो. लक्षणे झटक्याचीच, पण रक्तवाहिन्या मोकळ्या. ऑक्टोपस धरण्याच्या जपानी मडक्यावरून त्याला ‘ताकोत्सुबो’ असे नाव मिळाले. दुःखाने ऊर फुटणे हा केवळ वाक्प्रचार नाही, हे अशा रुग्णांत दिसून येते. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, ही त्यातली समाधानाची बाब.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक व्याधीचे खापर ताणावर फोडणे हेही तितकेच चुकीचे. जठरातील व्रण, म्हणजे अल्सर, चिंतेमुळे होतो असे कित्येक दशके मानले जात होते. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ‘हेलिकोबॅक्टर’ हा जिवाणू बहुतेक व्रणांच्या मुळाशी असल्याचे दाखवून दिले. त्यासाठी १९८४ साली मार्शल यांनी स्वतः त्या जिवाणूंचे द्रावण प्राशन केले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि ज्या रुग्णांना वर्षानुवर्षे ‘काळजी करू नका’ एवढेच सांगितले जात होते, ते प्रतिजैविकांच्या एका उपचारक्रमाने बरे होऊ लागले. छातीत दुखत असताना, धाप लागत असताना, वजन अकारण घटत असताना ‘ताणामुळे होत असेल’ म्हणून घरी बसून राहणे प्राणावर बेतू शकते. विशेषतः गृहिणींच्या तक्रारी ‘गॅस’ आणि ‘टेन्शन’ या दोन शब्दांत निकालात काढण्याची घराघरांतली सवय मोडली पाहिजे. आधी तपासणी आणि मग ताणाचा विचार, हाच योग्य क्रम होय.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

ताण म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो मोठा अधिकारी, उद्योजक किंवा मंत्री. जबाबदारी मोठी, तेव्हा ताणही मोठा, असा सर्वसाधारण समज. १९६७ साली लंडनमधील सरकारी नोकरांच्या आरोग्याची पाहणी सुरू झाली. तेथील सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावरून ती ‘व्हाइटहॉल’ या नावाने ओळखली जाते. तिचे निष्कर्ष या समजाच्या नेमके उलट निघाले. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीतील अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-द्वारपालांमध्ये सुमारे तिप्पट होते. पायरी जितकी खालची, धोका तितका अधिक. धूम्रपान, रक्तदाब आदी गोष्टी हिशेबात धरूनही हा फरक पुरता उलगडेना. मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत एक महत्त्वाचे सूत्र हाती आले. आपल्या कामावर आपले नियंत्रण किती, काम केव्हा आणि कसे करायचे यात आपल्याला काही मत आहे की नाही, यावर हृदयाचे आरोग्य बऱ्याच अंशी अवलंबून असते.

कामाचा डोंगर असूनही तो कसा उपसायचा हे ज्याच्या हाती असते, तो बहुधा तग धरतो. काम बेताचेच, पण प्रत्येक क्षण दुसऱ्याच्या हुकमावर, अशी स्थिती असणारा आतून झिजत जातो. या सूत्राच्या प्रकाशात आपल्या भोवतालची माणसे पाहावीत. पाऊस, बियाणे, बाजारभाव आणि कर्जाचे व्याज यांतले काहीही ज्याच्या हाती नाही, असा विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी. उद्या ड्यूटी कोणती हे आज रात्रीपर्यंत ठाऊक नसलेला बंदोबस्तावरचा पोलीस. वाहतुकीच्या कोंडीत अडकूनही वेळापत्रकाला बांधलेला एस.टी.चा चालक. पहाटे पाचला उठून डबे, शाळा, नोकरी, स्वयंपाक असे सारे ओढणारी, पण घरातल्या एकाही निर्णयात जिचे मत विचारले जात नाही अशी सून. यांना ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगणे म्हणजे डोक्यावर भारा असलेल्या माणसाला ‘ओझे मनावर घेऊ नकोस’ असे म्हणण्यासारखे आहे. त्याला गरज असते भाऱ्याला हात लावणाऱ्याची.

असा हात लावता येतो, याचे एक उदाहरण मुंबईतलेच आहे. बारा-बारा तासांची आणि प्रसंगी त्याहूनही लांबणारी पोलिसांची ड्यूटी हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो शहरातील अन्य ठाण्यांतही नेण्यात आला. ही कल्पना एका पोलीस शिपायानेच मांडली होती आणि आयुक्तांनी ती उचलून धरली, हे त्यातले विशेष. भाषणे आणि शिबिरे यांच्याऐवजी येथे घड्याळाचे काटे बदलण्याचा विचार झाला. याचे महत्त्व जागतिक आकडेवारीवरूनही पटते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, प्रदीर्घ कामाच्या तासांमुळे २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने दगावली. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३५ टक्के अधिक आढळला. रात्री अकरा वाजता कर्मचाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर ‘उद्या सकाळी अहवाल हवा’ असा निरोप धाडणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाने हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा.

देहाच्या वाटेने मनाकडे

परिस्थिती बदलायला वेळ लागतो आणि काही गोष्टी बदलतच नाहीत. तेव्हा स्वतःच्या हाती काय आहे, याचाही विचार करायला हवा. मन जर देहाला बिघडवत असेल, तर देहाच्या वाटेने मनालाही शांत करता येते, हे त्याचे मुख्य तत्त्व.

पहिला उपाय झोप. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोखू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत. तहान-भुकेच्या जोडीने निद्रा, श्रमाने लागलेली धाप आणि अश्रू यांचाही त्यांत समावेश आहे. त्याच ठिकाणी लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या हे मनाचे वेग मात्र आवरावेत, असेही म्हटले आहे. आजचे जीवन नेमके उलट चालते. क्रोध आणि ईर्ष्या यांना मोकळे रान, तर झोप आणि अश्रू यांना मज्जाव. ‘पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्या समाजाने चरकांचे हे विवेचन अवश्य अभ्यासावे. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. झोपेच्या आधीचा एक तास दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांच्यापासून दूर राहिल्यास फरक जाणवतो.

दुसरा उपाय हालचाल. ताणाच्या वेळी शरीर धावण्यासाठी सज्ज होते आणि मनुष्य मात्र खुर्चीत बसून राहतो. स्नायूंसाठी बाहेर काढलेली साखर वापरलीच जात नाही. झपझप चालणे, सूर्यनमस्कार, पोहणे, मैदानी खेळ, अंगमेहनत यांनी ती सज्जता सत्कारणी लागते. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. यासाठी व्यायामशाळेची वर्गणी भरावी लागत नाही.

तिसरा उपाय श्वास. हृदयाचे ठोके किंवा पचन यांवर माणसाची थेट हुकमत चालत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि इच्छेनेही चालविता येतो. विचलित चित्ताच्या जोडीने येणाऱ्या गोष्टींत पतंजलींनी दुःख आणि खिन्नता यांच्याबरोबर अंगाचा कंप आणि श्वासाची विषमता यांचीही गणना केली आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि आसन-प्राणायामाचे शरीरावरील परिणाम क्ष-किरण आणि रक्तदाबमापक यांच्या साहाय्याने तपासायला सुरुवात केली. योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहण्याचे ते धाडस होते. २००१ साली इटलीतील संशोधकांना असे आढळले, की जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना आणि योगातील मंत्र यांच्या संथ उच्चाराने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरते आणि त्या लयीत हृदय आणि रक्तदाब यांचा मेळ सुधारतो. पहाटेचा नामजप असो वा संध्याकाळचे सावकाश म्हटलेले स्तोत्र, शरीराला ती लय लाभते. दिवसातून दोनदा दहा मिनिटे, श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास थोडा अधिक वेळ देत बसावे, एवढेही पुरे. मात्र प्राणायाम सुरू केला म्हणून रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. साधना ही औषधाची सोबतीण आहे, सवत नव्हे.

काही उपाय असे आहेत, की ते उपायांच्या वेषात येणारे अपाय असतात. तंबाखूची चिमूट किंवा सिगारेट यांनी ‘डोके हलके’ होते असे वाटते. वस्तुतः निकोटीन हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवते. जी अस्वस्थता शमल्यासारखी वाटते, ती बहुतांशी आधीच्या तंबाखूनेच लावलेल्या सवयीची असते. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते. कर्जाच्या चिंतेने प्यायला लागलेल्या माणसाच्या घरी कर्ज उरतेच. वर आणखी एक दुःख येऊन बसते.

रथावरचा सोबती

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. अर्जुनाची कथा पहिल्या अध्यायावर संपत नाही. तो आपली व्यथा सांगत असताना श्रीकृष्ण ती जवळजवळ अखंड ऐकून घेतात. त्यानंतर दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला फटकारतात. हे दौर्बल्य तुला शोभत नाही, ते टाकून ऊठ, असे बजावतात. आजच्या भाषेत हे ‘टेन्शन घेऊ नकोस’च होय. त्याचा काय परिणाम होतो? काहीही नाही. अर्जुन आपली शंका पुन्हा मांडतो, लढणार नाही म्हणतो आणि स्तब्ध बसतो. खरा उपदेश त्यानंतर सुरू होतो. तो पुढे सतरा अध्याय चालतो, त्यात अर्जुन वारंवार प्रश्न विचारतो आणि त्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळते. फळ तुझ्या हाती नाही, कर्म मात्र आहे, अशी नियंत्रणात असलेल्या आणि नसलेल्या गोष्टींची वाटणी करून दिली जाते. शेवटी, या सर्वाचा विचार करून तुला हवे ते कर, असे सांगून निर्णय अर्जुनाच्याच हाती सोपविला जातो. पूर्णपणे ऐकणे, धीराने बोलणे आणि निर्णयाचा अधिकार परत देणे, या क्रमात समुपदेशनाचे सारे शास्त्र सामावले आहे.

माणसाला सोबत लागते, ही भावुकतेची गोष्ट नाही. १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की ज्यांचे स्नेहसंबंध बळकट, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दीडपट होती. गावाकडचा पार, भजनी मंडळ, मंगळागौरीचे खेळ, तालमीचा आखाडा, शेजारणींचे उन्हाळी पापड यांत नकळत हे काम होत असे. नगरांतल्या बंद दारांच्या सदनिकांत ते आता जाणीवपूर्वक करावे लागेल. आठवड्यातून एकदा कुटुंबाने भ्रमणध्वनी दूर ठेवून एकत्र जेवावे. निवृत्त शेजाऱ्याची विचारपूस करावी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला भेटायला जाताना फळांची पिशवी नेण्यापेक्षा त्याची सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला म्हणावे, ‘तू तीन तास बाहेर जाऊन ये, तोवर इथे बसायला माणूस आहे.’ ज्या स्त्रियांच्या जखमा नऊ दिवस उशिरा भरल्या, त्यांना अशाच तीन तासांची निकड होती.

कित्येकदा आप्तस्वकीयांचा आधारही अपुरा पडतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, जीव नकोसा झाल्याचे शब्द तोंडून निघत असतील, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. हाड मोडले तर कोणी लपवीत नाही. मग मनाच्या दुखण्यालाच पडदा कशासाठी? केंद्र शासनाने २०२२ साली ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक घरातल्या दिनदर्शिकेवर, शाळेच्या फलकावर, सोसायटीच्या उद्वाहनात आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

बंधुभगिनींनो, येथून घरी जाताना दोन गोष्टी बरोबर न्याव्यात. स्वतःसाठी रात्रीची पुरेशी झोप, सकाळचा अर्धा तास आणि श्वासाची दहा मिनिटे, ही पहिली. दुसरी त्या माणसासाठी, जो घरात किंवा कचेरीत काही दिवसांपासून गप्प-गप्प आहे. त्याला ‘टेन्शन घेऊ नकोस’ असे म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकावे आणि मग विचारावे, ‘यातले काय मला देतोस?’ तो जे देईल ते खरोखरच उचलावे.